सैतानाची पट्टी

येणारे रूळ आणि जाणारे रूळ
यांच्या मधल्या फरसबंदीला
टोरांटोत आम्ही सैतानाची पट्टी म्हणायचो.
ट्राम कंपनीने मला पितळी टोकांची एक काठी दिली होती
आणि एक वही. काम एवढंच:
दोन गाड्या शेजारून गेल्या तर मधे काय उरतं?

सरळ रस्त्यावर एकवीस इंच.
दारूभट्टीपाशी वळण. तिथे
एका गाडीचं पोट फुगतं, दुसरीचं ढुंगण झुलतं,
तिथे अकरा.
स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात,
ती दोन बोटं मी मोजलेली आहेत.

उन्हाळ्यात उघड्या गाड्या निघत.
कंडक्टर बाहेरच्या फळीवर, एका हाताने दांडा,
दुसऱ्याने पैसे.
पट्टीच्या बाजूला लोंबू नये असा नियम होता.
एकाचंही भाडं सुटू नये, असाही होता.

ॲम्ब्रोज टली छातीपासून पाठीपर्यंत दहा इंच भरायचा.
एकदा मीच मोजला, दोघेही हसत होतो.
वळण आलं की टोपीचं छत मागे फिरवायचा,
होता नव्हता तेवढा श्वास सोडून द्यायचा
आणि उरलेल्या एका इंचावर
त्याने एकोणीस उन्हाळे काढले.

ऑगस्टातला शनिवार. मी मागच्या बाकावर.
समोरून येणाऱ्या गाडीच्या फळीवर वासिल,
मॅसेडोनियाचा पोरगा, कामावर तिसराच दिवस,
पाठ आमच्याकडे, सुटे मोजतोय.
अकरा इंच. माणसं दोन.
मला वही लागली असती.
टलीने दांडा सोडला
आणि आत कोसळला, आडवा,
मिसेस प्रिचेटच्या मांडीवरच्या आलुबुखारांत.
वासिलला कळलंसुद्धा नाही.
पाठीला वारा लागला असेल, तेवढाच.

इन्स्पेक्टर क्रोथर्सने अहवाल लिहिला:
सात जणांचं भाडं बुडालं,
फळांची भरपाई पस्तीस सेंट,
कंडक्टरने अंग चोरलं.
शब्द बरोबर होता.

पुढे रूळ उखडले, पट्टी रुंद केली.
काठी मीच धरली होती.
नव्या गाड्या बंद, धिप्पाड, एकमेकींना
ओळख न दाखवता जातात.

टली गेला त्या हिवाळ्यात हॅनोरा बाजारात भेटली.
म्हणाली, पलंग चांगला ऐसपैस,
तरी शेवटपर्यंत भिंतीला चिकटून झोपायचा, कुशीवर.
सरक जरा म्हटलं की सरकायचा, तोही भिंतीकडेच.
मधे कुणाला वाट ठेवत होता, कोण जाणे.

वासिलचं मला सांगता आलं असतं.
मी तिची बटाट्यांची पिशवी घेतली
आणि बर्फातून आम्ही शेजारी शेजारी चालत राहिलो,
मधे भरपूर जागा सोडून.