चौकट वर सरकवताना

रात्रीचे पावणेदोन. ऑकलंडच्या बंदरावर धुकं,
इथे तळघरात फक्त हीलियमच्या पंपाची
चिक्-चिक्, चिक्-चिक्,
झोप न लागलेल्या पाखरासारखी.

ट्रॉलीवर सेफिना. वय एकोणीस महिने.
अकरा आठवडे चालली,
मग गेल्या रविवारी चर्चच्या पायरीशी
उजवा पाय उचलून धरला, तो टेकवलाच नाही.
पुन्हा रांगायला लागली,
जणू चालणं ही उसनी आणलेली वस्तू होती.

दुखणं म्हणे हत्तीच्या पावलांनी येतं.
हे मुंगीच्या पावलांनी आलं:
अंगात कसर, ताटलीत अर्धा टाकलेला तारो.
आणि एक्स-रेत हाड कसं? पांढरंशुभ्र,
वर्गातल्या शहाण्या मुलासारखं हाताची घडी घालून बसलेलं.
हाड पहिले आठ-दहा दिवस कुणाचंच नाव सांगत नाही.

"धातूचं काही?" मी विचारते.
लांगी कानातलं काढते, किल्ल्या काढते,
अंबाड्यातली कासवाच्या पाठीची फणीही पुढे करते.
राहू द्या, म्हणते मी, चुंबक कासवाला ओळखत नाही.
मग आम्ही दोघी सेफिनाच्या सँडलपाशी थांबतो.
एवढुसं बक्कल.

कागदावर लिहिलंय: उजवा गुडघा.
चार जणांनी गुडघाच दाबून पाहिला,
चौघांना उत्तर एकच, रडू.
दारातून बाहेर जाताना लांगी म्हणाली,
मला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं,
"लंगोट बदलताना जास्त रडते."

भूल देणारे प्रिटोरियस डॉक्टर मान हलवतात.
यंत्र ठोकायला लागतं,
बंद दारावर ठोकावं तसं,
आत कोण आहे ते माहीत नसताना.

चरबीचा उजेड विझवून ठेवलाय, पाणी तेवढं चमकेल.
गुडघा येतो. काळोख.
नडगी. काळोख.
भुलेची वीस मिनिटं उरलीत.
मी चौकट वर सरकवते.
कागदात बसतं का, ते सकाळी बघू.

मांडी. खुबा.
आणि तिथे, कमरेचं हाड
जिथे पाठीच्या कण्याला जाऊन भेटतं,
चिंचोक्याएवढा उजेड.

उजेड म्हणजे चांगलं, असं इथे नसतं.
इथे उजेड म्हणजे नको तिथे साचलेलं पाणी.
तरी माझ्या तोंडून "सापडलास!" निघून गेलं.
लाज वाटली. थोडीच.
पू धरलाय का, तीनदा पाहिलं.
नाही. बहुतेक नाही.
सांगणारे वेगळे, मी नुसती दाखवणारी.

चार वाजता बेकरीतून तिचा बाप आला, इओआने,
भुवयांवर पीठ.
कुणीतरी त्याला समजावत होतं:
आधी शिरेतून, मग तोंडाने, आठवडे लागतील.
तो ऐकत होता सँडल हातात धरून,
बक्कल लावत,
सोडवत,
लावत.

सेफिना जागी झाली, सगळ्या जगावर चिडून.
या वेळी
कुणीच तिच्या गुडघ्याला हात लावला नाही.