ळ

वडगावात सुताच्या दुकानावर माडी,
माडीवर आमचं सार्वजनिक वाचनालय.
जिना इतका अरुंद
की वर येणाऱ्यानं उतरणाऱ्यासाठी थांबायचं;
ओळखी होतात त्या तिथंच.

कपाटं दोन.
एकाच्या काचेला तडा, त्यात मराठी.
दुसऱ्याचं कुलूप बिघडलेलं, त्यात कन्नड.
गल्लीभर यंत्रमागांची खडखड,
तिच्यात राहून इथली माणसं कुजबुजतानाही ओरडतात,
म्हणून 'शांतता राखा'ची पाटी आम्हीच उतरवली.

साडेसातला पाळी सुटली की प्रौढांचा वर्ग.
ग्रंथपाल मी, शिपाई मी, मास्तर मी;
पगार एकाचाच.

तुळसव्वा आली ती केसांत सुताची पिसं घेऊन.
वय विचारलं, म्हणाली, "मागावर चाळीस वर्सं."
कशाला शिकायचं? तर,
"रेशनचा कागद एकानं वाचला, दुसऱ्यानं दुसराच वाचला.
तिसरी मी हाय की."
आधी मराठी की कन्नड?
"आईसंगं कन्नड, सासूसंगं मराठी, मागासंगं मुक्यानं.
जी लवकर येती ती शिकीव."

पाटीकडं बघत राहिली.
"जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोक असलं की दोरा उठतोय,
नसलं की निजतोय.
तुमच्या अक्षरात भोकं कुठायत?"
मी व दाखवला.
मग ब.
"ह्याच्या भोकात काठी कोण घातली?
ह्यो उठायचा का निजायचा?"
सोळा वर्षं शिकवतोय,
उत्तर नव्हतं.

दिवाळीनंतर तिनं एक पातळ पुस्तक नेलं, विहिरींवरचं.
रोज अर्धं पान,
दिवा आणि डोळे जितके पुरतील तितकं.
परत आणलं तेव्हा आंबे संपत आलेले.
दंड बारा रुपये. मी पावती फाडली.

ती उभीच.
बोट पावतीवरून सरकत होतं,
तुटलेला दोरा चाचपावा तसं.
"मास्तर, माझा ळ कुठाय?"

तुलसव्वा.
वर्षभर हजेरीत, सदस्यांच्या वहीत, कार्डावर,
मीच लिहिलेलं.
म्हटलं, एवढ्यानं काय बिघडतंय?
"दोरा तुटला की माग थांबवावा लागतोय.
थांबीव."

थांबवला. खोडलं. लिहिलं.
मग तिनं दुसरं कपाट ओढून उघडलं,
एक पुस्तक काढलं, माझ्यापुढं धरलं.
"ह्यातबी हाय न्हवं? आई तशीच हाक मारायची.
दाखीव."

त्या दोन कपाटांच्या मधोमध माझी खुर्ची.
मी पान उलटलं, आणखी एक उलटलं.
घाम आला.
कोपऱ्यातल्या कल्लाप्पानं पेपरची दांडी खाली ठेवली,
चष्मा वर सारला
आणि नख टेकवलं : "इदु."

दोघं वाकून बघत राहिलो,
ती आणि मी, एकाच बाकावर.

जाताना तिनं टेबलावर दहाच रुपये ठेवले.
"दोन तुझ्या चुकीचे," म्हणाली,
आणि जिन्यात थांबली,
कुणीतरी वर येत होतं.