झाड हाये ते

चिचटोल्याच्या तलावावर पोचलो तेव्हा
ऊन पाळीवरून उतरत होतं.
वनसमितीचा नंदलाल पंधरे,
हातात पावतीपुस्तक, कानावर पेन,
म्हणाला, "तंबू तिकडं लावा जी, बोरीपाशी.
इथं नोको."
काऊन, विचारलं.
"झाड हाये ते."

आम्ही चौघं हसलो.
झाड आहे म्हणूनच तर आलो
दोन टोलनाके भरून.
आणि खालची जागा कशी, झाडून ठेवल्यासारखी,
काडी नाही, पाचोळा नाही,
जाळलेल्या पानांची काळी कड तेवढी.
वाटलं, आपल्यासाठीच केली असेल सोय.
नंदलालनं पावती फाडली,
पुन्हा काही बोलला नाही.
आम्ही तो होकार समजलो.

खुंट्या ठोकल्या.
एक मुळावर बसली, वाकली.
दगडानं सरळ करून
परत तिथंच ठोकली.

रात्री डब्बा लावला, गाणी लावली.
पलीकडच्या तंबूत एक बाई होती आणि तिचं लहान पोर.
त्यांचा टॉर्च दोनदा लागला,
दोनदा विझला.
गजू म्हणाला, जंगलात कोण ऐकतं?
पाण्यावरून आवाज किती लांब जातो
ते मला माहीत होतं.
मी तलावाकाठच्याच गावात वाढलो.
तरी गप्प बसलो,
आणि पुढचं गाणं मीच सांगितलं.

पहाटे टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्, टप्.
मार्चात पाऊस?
पण पावसाला असा वास नसतो,
गुळाच्या कढईजवळ उभं राहिल्यासारखा, जरा आंबूस.
डोळे उघडले तर डोक्यावरच्या कापडावर
एका हाताची सावली.
बोटं जुळायची, उचलायची,
पुन्हा जुळायची.
कापड हलत नव्हतं.
दोरीला धक्का नव्हता.
तिघं घोरत होते आणि कुणीतरी बाहेरून
आमच्या छतावरची मोहफुलं
एकेक करून वेचत होतं,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून
माशी उडवावी तसं.

चेन उघडली. केवढा आवाज तिचा!
बाहेर पाय ठेवायला जागा नाही,
सगळीकडं फुलं, पिवळट, रसानं फुगलेली.
मी बूट हातात धरून दारातच उभा.
बाईनं पाहिलं,
टोपली खाली ठेवली,
आधी माझ्यापुढची फुलं वेचली,
एका पावलाएवढी, मग आणखी एका पावलाएवढी,
आणि म्हणाली, "या जी."

जैवंताबाई कुंभरे.
झाड तिच्या घरचं, सासूच्या वेळेपासून.
वाटण्या लिहिलेल्या नाहीत कुठं,
पण टोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल
कोणता मोह कुणाचा.
जागा तिनं झाडली होती, पानं तिनं जाळली होती,
परवा, वाकून.

मी पाकीट काढलं.
"ठेवा ते. झोप झाली का?"
झाली, म्हणालो.
"रातच्यानं गाणं आलं आमच्या टोल्यावर.
चांगलं होतं.
एकच घडी घडी वाजत होतं,
तेवढं."
आणि हसली. टोमणा नव्हता तो.
टोमणा असता तर बरं झालं असतं.

तिघांना उठवलं, तंबू बोरीपाशी नेला.
मुळातली खुंटी निघता निघेना.
निघाली तेव्हा भोकात ओल होती,
टाचेनं माती दाबली वर.

पलीकडं गेलो, त्या बाईला काही सांगायचं होतं.
तंबू नव्हता.
कधी उठली, कधी आवरलं,
आम्हाला चाहूल नाही.
चुलीचे तीन दगड काजळी खाली करून ठेवलेले,
उरलेली लाकडं बाजूला रचलेली, बारीक वर, जाड खाली,
पुढच्या कुणासाठी.
गवत उठून उभं राहत होतं.

पावती अजून आहे माझ्याकडं.
तंबू एक. माणसं चार.
रक्कम मिळाली.
झाडाचा रकाना त्यात नाही,
आणि नंदलालनं ते तोंडानं सांगितलं होतं.