परतीची चिठ्ठी

उदगीरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान :
झेरॉक्स, पॅनकार्ड, रेल्वे-विमान तिकिटं.
पाटीवरचं विमान मीच रंगवलंय,
मान जरा लांब झाली, बगळ्यासारखी.

लिंबाजी टोम्पे आला तेव्हा त्याच्या भुवयांवर
तुरीच्या डाळीची पिवळी पूड होती.
डाळमिलमधला फिटर.
काळा दाणा कॅमेऱ्यानं हेरून
फुंकरीनं उडवणारं चिनी यंत्र
आंधळं झालं होतं,
आणि मालक म्हणाला होता, तूच जा, शिकून ये.
"शांघायला जालालो,"
देगलूरला जालालो म्हणावं तसं म्हणाला.

मी खुर्ची पुढं ओढली.
हैदराबादपर्यंत रेल्वे, तिथून बँकॉक.
बँकॉकात पाच तास बसायचं, झोपायचं नाही.
पुडोंगला उतरलास की मेट्रो आहे, स्वस्त,
पण तास-सव्वा तास, आणि बॅग पायांत.
चुंबकावरची गाडी रुळाला टेकतच नाही,
आठ मिनिटांत शहराच्या उंबऱ्यावर आणते.
उंबऱ्यावरच. आत नाही.
तिथून टॅक्सी, चिठ्ठी दाखवायची.
रात्री उशीर झाला तर बस असते,
बसवर काय लिहिलेलं असतं ते मला विचारू नकोस.

तो ऐकत होता, फिटर ऐकतो तसं,
मान एका बाजूला कलती ठेवून,
खडखड नेमकी कुठून येते ते शोधत.
मग म्हणाला, "तुमी कव्हा गेल्ता?"

तेवढ्यात प्रिंटरमध्ये कागद अडकला. बरं झालं.

दोन चिठ्ठ्या छापून दिल्या, चिनी अक्षरांत.
एक : मला ह्या हॉटेलात सोडा.
एक : मला विमानतळावर सोडा.
लॅमिनेशनचे चाळीस रुपये घेतले नाहीत.

बाराव्या दिवशी दुकानात उभा.
भुवया स्वच्छ.
"चिठ्ठ्या सारख्याच दिसतेत की वो," म्हणाला.
चुंबकाच्या गाडीतून उतरून
त्यानं टॅक्सीवाल्याला दुसरीच दाखवली होती.
मागं पडलेला पूल पुन्हा समोर आला,
जाहिरातीतली दात दाखवणारी बाई पुन्हा आली,
आणि काचेच्या दारापाशी टॅक्सी थांबली,
जिथं तो तासाभरापूर्वी उतरला होता.
म्हातारा ड्रायव्हर आधी चिडला,
मग पहिली चिठ्ठी बघून
स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत सुटला.

परत निघाले. वाटेत लिंबाजीनं
त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.
मागचं डावं चाक.
बोटानं हवेत गोल काढला, तोंडानं घर्रर्र केलं.
म्हाताऱ्यानं गाडी कडेला घेतली.
दोघं उकिडवे बसले चाकाजवळ,
एक हलवतोय, एक कान लावतोय.
"बेरिंग," लिंबाजी म्हणाला.
तोही काहीतरी म्हणाला, बेरिंगच म्हणाला असणार.
थर्मासमधून नुसतं गरम पाणी पाजलं त्यानं,
आणि मीटरवर रुमाल टाकला.

"आणि येताना?" मी विचारलं.
येताना हैदराबादपर्यंत सगळं घड्याळावर.
बिदरपर्यंतही बस मिळाली.
तिथून पुढं रात्री काहीच नाही.
कमलनगरच्या फाट्यावर अडीच तास,
अर्धा कर्नाटकात, अर्धा महाराष्ट्रात,
शेवटी मुरमुऱ्याच्या टेम्पोत पोत्यांवर आडवा.
"ह्याची चिठ्ठी नव्हती दिली तुमी."

जाताना खिशातून मेट्रोचं कार्ड काढलं.
"सतरा युआन हाईत आत. ठिवा तुमी."
यंत्राला आता दिसतंय म्हणे,
डाळीतून काळा दाणा सुटत नाही.

कार्ड टेबलाच्या काचेखाली आहे,
महामंडळाच्या वेळापत्रकाशेजारी.
गिऱ्हाईक विचारतं, एटीएम का?
हो म्हणतो.
संध्याकाळी शटर ओढण्याआधी
कधीकधी हिशेब करतो :
कमीत कमी भाडं तीन युआन.
म्हणजे पाच फेऱ्या, वर दोन उरतात.
दोनदा जाऊन येणं
आणि एकदा नुसतं जाणं.