आहेराची वही

एरंडोलला, अंजनीच्या पुलापासून तिसऱ्या गल्लीत,
क्लासच्या पत्र्याखाली बडगुजर सर
फळ्यावर दोन अंडी काढतात.
डावीकडून बाण निघतात. जिथून निघाले, तो प्रांत.
उजवीकडे जिथं पोचले, तेवढीच व्याप्ती.
बाकीचे उजवीकडे नुसते बसलेले,
पंगतीत पत्रावळ मांडून,
वाढपी त्यांच्यापर्यंत येतच नाही.

सममित म्हणजे, सर म्हणाले,
गेलेला प्रत्येक बाण परत आला पाहिजे.
शेजार सममित. थोरलेपण नाही.
मागच्या बाकावरून बापू कोतकर म्हणाला, "उधारी?"
सरांनी खडू झटकला आणि पुढचं उदाहरण घेतलं.

त्याच आठवड्यात घरी मला काम लागलं.
आहेराची वही वाळवीनं कुरतडलेली,
ती नव्या वहीत उतरवायची.
अप्पांचं मोडी वळणाचं अक्षर, आईचं पेन्सिलीतलं,
जांभळी शाई, हळदीचं बोट, एका पानावर
वरणाचा डाग, बट्टीच्या तुपासकट.

मी दोन रकाने आखले.
आलेला. केलेला.
आणि मग हात आपोआप जोड्या लिहायला लागला:
(नेरकर, आम्ही), (आम्ही, नेरकर).
(धरणगावची मावशी, आम्ही), (आम्ही, धरणगावची मावशी).
स्टीलचा डबा गेला, पितळी तांब्या आला,
अकरा रुपये गेले, एकवीस आले,
वस्तू बदलते, वर्षं मध्ये जातात,
पण बाण फिरून येतो.
भडाणे काकांचा यायला एकोणीस वर्षं लागली. आला.

रात्री साडेदहाला एक नाव राहिलं.
द्वारकाबाई शिंपी. आत्याच्या लग्नात खण.
दादाच्या जावळाला झबलं, स्वतः शिवलेलं.
घरभरणीला खण. ताईच्या लग्नात
खण आणि एकावन्न रुपये.
केलेल्याच्या रकान्यात मी तीनदा शोधलं.
वाळवीनं खाल्लेल्या जागाही उजेडात धरल्या.

"तिच्याकडं कार्यच कुठं झालं?" अप्पा म्हणाले,
उशीवरून मान न उचलता.
लग्न नाही, लेकरू नाही, घर भाड्याचं.
आहेर करायचा तर कशाचा?

म्हणजे प्रांतात आहे ती.
व्याप्तीत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, नाव न घेता.
प्रांत आणि व्याप्ती सारखी झाली, की झाला ना संबंध सममित?
सर म्हणाले, फसू नको.
तिघंजण आहेत. पहिला दुसऱ्याला चहा पाजतो,
दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला.
सगळे देतात, सगळे घेतात,
परत मात्र कुणीच कुणाला करत नाही.
तुझ्या प्रश्नात कितीजण?
मी म्हटलं, दोनच.
मग एक जोडी घाल, म्हणाले. सुटलं.

अजून एक सांगितलं त्यांनी:
संचात एकच जोडी चारदा लिहीत नसतात.
चार वेळा दिलेलं तिथं एकदाच धरतात.
गणितातलं मला न पटलेलं हे पहिलं वाक्य.

मंगळवारी आईनं कपाटातून अंजिरी लुगडं काढलं,
काही बोलली नाही, नारळ मात्र माझ्याकडून पुसून घेतला.
द्वारकाबाई मशीनवर होती, दातात दोरा.
"काय व पोर, कोनं लगीन शे?"
कुणाचं नाही, मी म्हटलं.
तिनं लुगडं उलगडलं नाही. काठ तेवढा
अंगठ्याखाली घेऊन बघितला,
वितीनं मोजतात तसा, दोनदा.
मग उठून आत गेली, बराच वेळ.

येताना माझ्या हातात
वर्तमानपत्रात बांधलेले बिबडे होते.
रिकाम्या हातानं कशी पाठवील.

वहीत तारीख घातली. नाव घातलं.
"कार्य" या रकान्यात काय लिहायचं,
ते अप्पांना विचारलं, आईला विचारलं,
सरांना विचारायचं राहिलं.
तिथं अजून पेन्सिलीचा एक ठिपका आहे.
बिबडे मी अजून लिहिलेले नाहीत.