मागची गाडी

बत्तीस सायकली पुढे आणि मी मागे.
चौथ्या दिवशी मला त्यांचे चेहरे आठवत नाहीत.
कुणाच्या पाठीवर चिखलाची रेघ कशी उमटते,
तेवढं मात्र पाठ झालंय.

माझी व्हॅन ताशी अकराने चालते,
दुसऱ्या गिअरची कुरकुर ऐकत.
शेजारची सीट रिकामी ठेवायची, हा नियम.
थकेल त्याच्यासाठी.
सीटवर एक टॉवेल, एक केळं,
आणि कुणी बसलंच तर
काहीही विचारायचं नाही.

सकाळी बॅलिना सोडलं तेव्हा पाऊस पडत नव्हता,
नुसता हवेत उभा होता.
कन्सेप्टाने शिट्टी फुंकली.
बँकेतले दोघे, जुळ्या बहिणी, तो गाणारा न्हावी,
सगळे वळणाआड गेले,
आणि रोजच्यासारखा माझ्या वाट्याला
मॅलाकी टिअर्नन उरला.

वय एकाहत्तर.
याच भागात चाळीस वर्षं टपाल वाटलं त्याने.
अजूनही एखादं फाटक आलं
की त्याचा पाय पेडलवर जरासा घुटमळतो.
मग आठवतं त्याला,
की आज द्यायला काही नाही.

लाहार्डेनच्या अलीकडे गाई रस्ता ओलांडत होत्या.
सावकाश. प्रत्येक गाय जणू
मत द्यायला निघालेली.
त्यांच्यामागे एक म्हातारा. काठी आडवी धरून म्हणाला,
"कुठवर?"
"मिझन हेड."
"आणि निघालात कुठून?"
"मालिन हेड."
त्याने मनातल्या मनात अख्खा देश मोजला.
"कशासाठी?"
"रात्रीच्या नर्सेससाठी. घरी येऊन बसतात त्या, शेवटी-शेवटी."

(माझ्याकडेही यायची एक.
फळ्या करकरू नयेत म्हणून पायरीवरच बूट काढायची.
पहाटे निघताना फ्रिजमधली दुधाची बाटली
पुढे सरकवून ठेवायची,
मला शोधावी लागू नये म्हणून.)

"मग पैसे टपालाने पाठवले असते,"
म्हातारा म्हणाला, "एवढे पाय कशाला झिजवायचे?"

मॅलाकी उतरला नाही.
एक पाय रस्त्याला टेकवून म्हणाला,
"तुझं टपाल कोण आणायचं, पॅडर?
मीच ना?
सायकलवरूनच ना?"

गाई संपल्या. पॅडर काही बोलला नाही.
गोठ्यात गेला आणि एक गोणी खांद्यावर घेऊन आला.
माझ्या व्हॅनचं दार न विचारता उघडलं,
टॉवेल बाजूला केला,
गोणी सीटवर बसवली
आणि पट्टासुद्धा लावला तिला.
"रोख नाही माझ्याकडे," म्हणाला.
बटाटे होते. ओले, मातीसकट.

पुढे वाऱ्याची खिंड.
नाव कुणी उगाच ठेवलेलं नाही.
डावीकडे नेफिन ढगात डोकं खुपसून बसलेला,
निळा छाप मारलेल्या मेंढ्या भिंतीला टेकलेल्या,
आणि वारा समोरून,
जणू याचंच काही देणं लागतं.
मॅलाकी तीनदा थांबला.
चौथ्यांदा सायकल कुंपणाला टेकवली
आणि माझ्याकडे चालत आला.
चार दिवसांत पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा नीट पाहिला.
ओठ पांढरे झाले होते.

दाराला हात घातला.
आत बघितलं.
बराच वेळ बघितलं.

"इथे तर," म्हणाला, "आधीच कुणीतरी बसलंय."

मी म्हटलं, काढते, मागे टाकते, दोन मिनिटं.
मला वाटतं त्याने ऐकलं.
पण तो हसत होता, कमरेवर हात ठेवून,
खोकला येईपर्यंत.
केळं तेवढं घेतलं
आणि परत गेला.

संध्याकाळी वेस्टपोर्टच्या हॉलमध्ये
कन्सेप्टा वही उघडून बसली.
हे कोणत्या खात्यात लिहू, म्हणाली.
कुणालाच सांगता येईना.
तोवर अर्धी गोणी उकडून झाली होती
आणि मीठ हातोहात फिरत होतं.

सीटवर माती राहिली आहे.
मी झटकली नाही.
उद्या जो कुणी थकेल,
त्याच्या पँटला लागेल.