चौदाव्या भागातली सर्दी

समुद्राचा तो सिनेमा, ज्याला सगळे रडतात,
मला नाही आवडला.
दोन तास नुसतं पाणी, आणि काठावर बाई वाट बघतेय.
ती तरी धड बघावी!
केस विंचरलेले, नखं रंगवलेली.
वाट बघणाऱ्या बाईच्या हाताला कांद्याचा वास असतो.
कॅमेऱ्याला नाक नाही, हे मान्य.

ब्राझीलच्या डॉक्टरांची मालिका: दोनशे दहा भाग.
साठापर्यंत उत्तम.
मग नायिकेची जुळी बहीण उगवली
आणि लिहिणाऱ्याची अक्कल गहाण पडली.
तरी शेवटपर्यंत बघितली.
लुब्लिनला डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो,
माणसानं जायचं कुठे?

पाककृतींची स्पर्धा मी बघत नाही.
घास तोंडात घालून कुणी रडतं का?

नातू कायतान म्हणतो, आजी, कसं बघायचात तुम्ही हे?
खाली नटनट्यांचे खरे आवाज पुटपुटतायत
आणि वरून एकच बुवा
सगळ्यांचं सगळं पोलिशमध्ये वाचून दाखवतोय!
खुनी तोच, मरणारीही तोच,
तीन वर्षांचं पोर ‘आई’ म्हणतं ते त्याच घोगऱ्या आवाजात,
नवरी ‘हो’ म्हणते तेही.

मी म्हटलं, चहातल्या साखरेसारखं असतं ते.
पाच मिनिटांनी दिसत नाही, लागते फक्त.

तो बुवा आपला आजोबा, हे त्याला ठाऊक आहे.
ठाऊक असणं वेगळं.

वितोल्द दर मंगळवारी वॉर्सॉच्या गाडीनं जायचा,
खिशात खडीसाखर, काखेत कागद.
म्हणायचा, अभिनय पडद्यावर चाललाय,
आपण मध्ये लुडबुडायचं नाही.
आणि घरी?
घरी आंघोळ करताना गायचा, रेडिओशी भांडायचा,
खालच्या मजल्यावरच्या कर्नलची नक्कल अशी करायचा
की कर्नलची बायको जिन्यातून ‘आले हं’ म्हणायची.
त्यातलं काहीच कुठे उमटलं नाही.
राहिला तो सपाट, इस्त्री केलेला,
परक्यांची प्रेमं एका सुरात उरकणारा माणूस.
चारशे सिनेमांत तो आहे
आणि एकातही मला सापडत नाही.

म्हणून ती इन्स्पेक्टरची मालिका.
मालिका भिकार आहे, आधीच सांगते.
खुनी कोण ते दुसऱ्या भागात मांजरालाही कळतं,
इन्स्पेक्टर शेकोटीसमोरसुद्धा ओव्हरकोट काढत नाही,
आणि पूल दिसला की कुणीतरी त्यावर उभं असतंच.
पण चौदावा भाग.
त्या आठवड्यात वितोल्दला सर्दी झाली होती.
रास्पबेरीचा चहा दिला, लसूण दिला,
जाऊ नकोस म्हटलं. गेला.

पुलावर विधवा खुन्यासमोर उभी राहते,
पाऊस, व्हायोलिन, सगळी तयारी,
आणि ती म्हणते:
‘बी तुला बाफ केलं.’

दर वेळी हसते मी. दर वेळी.
मग तो थांबतो. अर्धा क्षण.
पडद्यावर काहीच होत नाही तेव्हा,
विधवेचे ओठ मिटलेले असतात.
तो नाक ओढतो.

आता ही मालिका नव्यानं लावतात,
नव्या पोराच्या आवाजात.
आवाज गोड आहे, ना नाही.
पण विधवा रडली की तोही रडवेला होतो,
बाळ आलं की बाळासारखं बोलतो.
लुडबुड्या.

माझी कॅसेट दोनदा अडकली, पेन्सिलीनं गुंडाळून घेतली.
काल कायतान शेजारी बसला, पाय सोफ्यावर.
पुलाशी तो हसला,
मग म्हणाला, थोडं मागे घे.
पुलावर नाही, त्याच्या जरा पुढे,
जिथे काहीच नाहीये तिथे.

शेवटी नावं येतात, तीही त्यानंच वाचायची:
दिग्दर्शक, संगीत, भाषांतर,
आणि सगळ्यात खाली, घाईघाईनं,
वाचन – वितोल्द बिदार्स्की.